सर्वांत अवघड पातळीवरचे बर्लिन : एका वाचकाच्या पत्राला उत्तर

नाशिकच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. वय अडतीस, कारखान्यात नोकरी, घरी पत्नी आणि दहा वर्षांचा मुलगा. अभियांत्रिकीला असताना वसतिगृहातल्या खोलीमित्राबरोबर त्यांनी ‘कॉल ऑफ ड्यूटी : वर्ल्ड ॲट वॉर’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा गेम साध्या पातळीवर पूर्ण केला होता. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना एक्सबॉक्स ३६० हाती लागला, तो चालू निघाला आणि त्यांनी तोच गेम ‘व्हेटरन’ या सर्वांत अवघड पातळीवर पुन्हा खेळायला घेतला. आता ‘हार्ट ऑफ द राइख’ या मिशनवर गाडे अडले आहे. ते लिहितात :

‘रोज रात्री मुलगा झोपला की तासभर बसतो. राइखस्टाग या बर्लिनमधल्या संसद-इमारतीसमोरच्या मैदानात एका ढिगाऱ्यामागे दबा धरतो, समोरचे सगळे जर्मन टिपून काढतो, आता पुढे सरकावे असे ठरवतो आणि तेवढ्यात पायाशी तीन-चार ग्रेनेड येऊन पडतात. हात पूर्वीसारखे चालत नाहीत, वय झाले, असे वाटू लागले आहे. पातळी खाली आणली तर हार पत्करल्यासारखे होईल. पत्नी म्हणते, हे करमणुकीसाठी खेळता की डोके फिरवून घेण्यासाठी? मुलगा शेजारी बसून पाहण्याचा हट्ट धरतो. परवा त्याने विचारले, “बाबा, या युद्धात आपले लोक होते का?” मला नीट उत्तर देता आले नाही. हे सगळे सोडून द्यावे का?’

सप्रेम नमस्कार.

सोडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आज ज्या पद्धतीने तुम्ही खेळत आहात ती पद्धत अवश्य सोडा. ढिगाऱ्यामागे बसून समोरचे सगळे शत्रू संपवायचे आणि मैदान मोकळे झाले की पुढे जायचे, हा क्रम साध्या पातळीवर शहाणपणाचा वाटतो आणि तिथे तो चालूनही जातो. व्हेटरनवर हाच क्रम तुमचा जीव घेतो आहे. त्याचा तुमच्या वयाशी किंवा बोटांच्या चपळाईशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो हा गेम कसा बांधला आहे याच्याशी.

ट्रेयार्क या कंपनीने नोव्हेंबर २००८ मध्ये आणलेल्या या गेममध्ये अनेक ठिकाणी शत्रूसैनिकांची संख्या ठरलेली नसते. जमिनीवर डोळ्यांना न दिसणारी एक रेषा असते आणि खेळाडू ती ओलांडेपर्यंत मागून नवे सैनिक येतच राहतात. तुम्ही दहा मारा की पन्नास, संख्या कमी होत नाही. साध्या पातळीवर ही गोष्ट लक्षात येत नाही, कारण तिथे चार-दोन गोळ्या लागल्या तरी खेळाडू चालत राहतो, नकळत ती रेषा पार करतो, मागून येणारी कुमक थांबते आणि आपण सगळ्यांना मारले म्हणून वाट मोकळी झाली असा आपला समज होतो. वसतिगृहात तुमचा हाच समज झाला असणार आणि इतक्या वर्षांनी तोच घेऊन तुम्ही व्हेटरनवर उतरला आहात. तिथे एक-दोन गोळ्यांत खेळ आटोपतो, म्हणून माणूस आडोसा धरतो. आडोसा धरला की पुढे सरकत नाही. पुढे सरकला नाही की शत्रू संपत नाही आणि एकाच जागी थांबलेल्या खेळाडूवर ग्रेनेडचा मारा सुरू होतो. हा गेम व्हेटरनवरच्या ग्रेनेडसाठी जगभरच्या खेळाडूंमध्ये कुप्रसिद्ध आहे आणि तुम्ही ज्या मिशनवर अडकला आहात ते त्यातही वरच्या क्रमांकाचे मानले जाते. तेव्हा तिथे अडकणे यात कमीपणा काहीच नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. आडोशामागे बसल्यावर ‘आता कोणाला मारू’ हा प्रश्न मनातून काढून टाका आणि ‘माझा पुढचा आडोसा कोणता’ एवढेच पाहा. पडकी भिंत असेल, खंदकाचे वळण असेल, तुटलेला रणगाडा असेल. तिथपर्यंत तीन-चार सेकंदांत पोहोचता आले पाहिजे, याहून लांबची जागा धरू नका. त्या वाटेवर ज्याची गोळी तुम्हाला लागू शकते तेवढ्याच दोघा-तिघांना टिपा, बाकीच्यांकडे दुर्लक्ष करा आणि ते पडले त्याच क्षणी निघा, कारण त्यांच्या जागी दुसरे येईपर्यंतचा अवधी फार थोडा असतो. पोहोचल्यावर मान खाली घालून पडद्याच्या कडांची लाली जाईपर्यंत थांबा. या गेममध्ये औषधाच्या पेट्या नाहीत. काही सेकंद गोळी लागली नाही की प्रकृती आपोआप पूर्ववत होते. पण थांबायचे ते तेवढ्यापुरतेच. लाली गेल्यानंतर त्या जागी काढलेला प्रत्येक जादा क्षण पुढच्या ग्रेनेडला आमंत्रण देतो.

ग्रेनेडचेही असेच. त्याची खूण पडद्यावर उमटली की बहुतेक खेळाडू मागे पळतात. ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, पण तिने कमावलेली जागा हातची जाते आणि माणूस पुन्हा त्याच माऱ्यात सापडतो. एकच ग्रेनेड अगदी पायाशी असेल तर उचलून परत फेका. दोन किंवा अधिक असतील तर उचलाउचलीच्या भानगडीत न पडता आधीच हेरून ठेवलेल्या पुढच्या आडोशाकडे धाव घ्या. पुढचा आडोसा आधी ठरवायला सांगितला तो यासाठीच. ग्रेनेड पडल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. स्वतःचे ग्रेनेडही जपून ठेवू नका. खंदकाच्या वळणापलीकडे एक ग्रेनेड टाकला, की पुढे सरकायला लागणारी तीन-चार सेकंदे हमखास मिळतात.

तुमच्या मिशनमध्ये राइखस्टागसमोरच्या चार विमानविरोधी तोफा स्फोटके लावून उडवायच्या असतात. त्या चारही तोफा एकाच वेळी मनात आणू नका. सर्वांत जवळची एक तोफ निवडा, तिच्यापर्यंतचे आडोसे ठरवा आणि ती उडेपर्यंत बाकीचे मैदान अस्तित्वात नाही असे समजा. खंदकांत आणि ढिगाऱ्यांत गाठ अगदी जवळून पडते, तेव्हा पीपीएसएच ही सोव्हिएत सबमशीनगन सोडू नका. तिच्या गोल मॅगझिनमध्ये ७१ गोळ्या असतात आणि धावता धावता मॅगझिन बदलण्याची वेळ क्वचितच येते. लांबच्या मशीनगनसाठी मात्र दुसऱ्या हत्यारात रायफल असू द्या. आपल्या बाजूच्या सैनिकांचाही उपयोग करून घ्या. तुमच्या तुकडीचा सार्जंट रेझनॉव्ह याला कथेची गरज म्हणून मरण नाही आणि शत्रूचा काही गोळीबार तो स्वतःवर ओढून घेतो. मात्र तुम्ही हललात तरच तो आणि त्याची तुकडी पुढे येते. त्यांच्या मागे लपून राहिलात तर ते तिथेच उभे राहतील.

एक अडचण मात्र खरोखर गेमची आहे. चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून खेळ पुन्हा सुरू होतो ती जागा, आपोआप जतन होतो आणि कधी कधी तो अगदी वाईट क्षणी जतन होतो, म्हणजे ग्रेनेड पायाशी असताना किंवा समोर मशीनगन रोखलेली असताना. पुन्हा सुरू केल्याबरोबर काही करण्याआधीच मरण येत असेल तर हट्टाने तेच ते करत बसू नका. मिशन पहिल्यापासून सुरू करा. वीस मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतील, पण पाठ झालेली वाट दुसऱ्या खेपेला निम्म्या वेळात पार होते.

पातळी खाली आणण्याविषयी तुम्ही लाजून लिहिले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गेम तुमचा, वेळ तुमचा आणि कोणाला हिशेब द्यायचा नाही. तरीही या एका मिशनसाठी मी तुम्हाला व्हेटरनवरच राहा असे म्हणेन. खालच्या पातळीवर तुम्ही हे मैदान पळत पार कराल आणि ते पाहायचे राहून जाईल. व्हेटरन तुम्हाला तीन पावलांवरच्या विटांच्या ढिगाकडे जिवाच्या आकांताने पाहायला लावतो. कोणता कोपरा कोणत्या खिडकीच्या टप्प्यात येतो, खंदकाची कोणती बाजू ओली आहे, कुठे उभे राहता येते आणि कुठे सरपटावेच लागते, हे एरवी कोण पाहते? अवघड पातळीचा मला वाटणारा खरा लाभ हा आहे. उलट ‘ब्लॅक कॅट्स’सारखे मिशन, ज्यात कॅटलिना विमानाच्या एका मशीनगनवरून दुसरीकडे धावायचे असते, ते व्हेटरनवर न खेळल्याने तुमचे फारसे नुकसान होणार नाही.

आता वहिनींच्या प्रश्नाविषयी. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. रात्रीचा तासभर खेळ झाल्यावर तुम्ही चिडून उठत असाल आणि ती चिडचिड सकाळच्या चहापर्यंत टिकत असेल, तर त्याची किंमत त्या मोजत आहेत. वेळेची मर्यादा घालून हे सुटणार नाही, कारण तास संपतो तो नेमका मरण्यावर. त्याऐवजी नवा चेकपॉइंट मिळाला की लगेच बंद करा, मग तो दहाव्या मिनिटाला मिळालेला असला तरी. आणि एकाच जागी पाच-सहा वेळा मेलात तरीही बंद करा, कारण त्यानंतर माणूस विचार करून खेळत नाही, त्वेषाने खेळतो. व्हेटरन त्वेषाला अजिबात दाद देत नाही.

मुलाला शेजारी बसवू नका, हे मी अगदी निक्षून सांगतो. हा गेम अमेरिकेत सतरा वर्षांपुढच्यांसाठी ठरवलेला आहे आणि त्याला कारण आहे. यात माणसांचे हातपाय तुटतात, जिवंत माणसे ज्वालाफेकाने जळतात, शरण आलेल्यांना मारले जाते. दहा वर्षांच्या मुलाने हे बाबांच्या मांडीला मांडी लावून पाहावे आणि मेल्यावर बाबा वैतागून पुन्हा बटण दाबतात हे शिकावे, असे तुम्हालाही वाटत नसणार. मुलगा झोपल्यावर खेळण्याचा तुमचा नेम योग्य आहे, तोच पाळा.

पण त्याचा प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तर मिळालेच पाहिजे. होय, आपले लोक होते. या गेममध्ये नाहीत; गेममध्ये पॅसिफिकमधले अमेरिकन मरीन आहेत आणि पूर्वेकडून बर्लिनवर चालून गेलेले सोव्हिएत सैनिक आहेत. आपले लोक इटलीत होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात अगदी जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर चालून गेले, ग्रेनेड टाकून तिचा मारा बंद पाडला, टॉमीगनने एकाला टिपले आणि मग मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. तिथेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. वय होते बावीस वर्षे. मुलाला हे सांगा, आणि जमल्यास एका रविवारी त्याला माणगावला घेऊन जा. मॅगझिन बदलायला वेळ नसणे म्हणजे काय, हे एक बटण दाबून रिलोड करणाऱ्या आपल्यासारख्यांनीही एकदा थांबून मनात आणण्यासारखे आहे.

तुम्ही खेळता त्या मैदानाचीही खरी हकीकत ठाऊक असू द्या. राइखस्टागवरचा हल्ला ३० एप्रिल १९४५ रोजी झाला. दिवसाउजेडी केलेले हल्ले समोरच्या मोकळ्या मैदानातच अडले, संध्याकाळी सोव्हिएत सैनिक इमारतीत शिरले आणि आतली लढाई २ मेपर्यंत खोल्या-खोल्यांतून चालली. छतावर लाल झेंडा लावणाऱ्या सैनिकाचे जे छायाचित्र सर्वत्र दिसते ते येवगेनी खाल्देई या छायाचित्रकाराने २ मे रोजी, लढाई थांबल्यावर मुद्दाम मांडणी करून घेतलेले आहे. त्यातल्या एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती, म्हणून प्रसिद्धीपूर्वी एक पुसून टाकण्यात आले. बर्लिनच्या त्या मोहिमेत सुमारे ८१ हजार सोव्हिएत सैनिक मरण पावले. युद्धाचा शेवट काही दिवसांवर आलेला असताना ते मेले. तुम्ही मरता तेव्हा पडद्यावर युद्धाविषयीचे एखादे वचन येते आणि आपण ते न वाचताच बटण दाबतो. व्हेटरनवर ही वचने इतक्या वेळा समोर येतात, की निदान काही तरी वाचावीत.

गेम सगळीकडे खरा नाही, हेही सांगितले पाहिजे. पॅसिफिकमधल्या पेलेलिऊ बेटावरच्या मिशनमध्ये गवतातून उठून संगिनी रोखून धावणारे जपानी सैनिक पदोपदी भेटतात. प्रत्यक्षात तिथले जपानी अधिकारी कर्नल कुनिओ नाकागावा यांनी अशा आत्मघातकी धडका टाळून गुहांमध्ये पक्के मोर्चे बांधले होते आणि त्यामुळेच काही दिवसांत आटोपेल असे अमेरिकन सेनापतीने सांगितलेली लढाई १५ सप्टेंबर १९४४ पासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत चालली.

आणखी एक गोष्ट तुमच्याशी बोलायची आहे, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही आणि मला तीच या गेममधली सर्वांत मोलाची वाटते. चेर्नॉव्ह आठवतो का? रेझनॉव्हच्या तुकडीतला तो तरुण, वहीत काही ना काही लिहिणारा, ज्याला रेझनॉव्ह सारखा टोचून बोलतो. तुम्ही अडकलेल्या मिशनच्या शेवटी, राइखस्टागच्या पायऱ्यांवर, तो ज्वालाफेकात जळतो आणि त्याची वही मागे राहते. पुढच्या ‘डाउनफॉल’ या मिशनच्या सुरुवातीला त्या वहीतले काही शब्द ऐकू येतात आणि ते प्रत्येक खेळाडूला सारखेच ऐकू येत नाहीत. बर्लिनच्या पूर्वेकडच्या सीलोच्या मिशनच्या आरंभी जमिनीवर पडलेले जखमी जर्मन, बर्लिनमधल्या भुयारी रेल्वेच्या तोंडाशी हात वर करून उभे असलेले सैनिक, यांच्याशी तुम्ही काय केले त्यावरून चेर्नॉव्हने दिमित्रीविषयी, म्हणजे तुमच्याविषयी, काय लिहिले ते ठरते. कोणी त्यात दयाळू ठरतो, कोणी क्रूर.

साध्या पातळीवर हे प्रसंग सावकाश येतात. व्हेटरनवर तुम्ही जीव मुठीत धरून तिथे पोहोचता, बोट चापावरच असते, जो हलतो त्याला मारायचे हे अंगात भिनलेले असते आणि समोरचा निःशस्त्र आहे हे कळेपर्यंत गोळी सुटून गेलेली असते. मी स्वतः हा गेम व्हेटरनवर खेळलो तेव्हा मैदानांपेक्षा हे क्षण मला अधिक कठीण गेले. इतका वेळ ज्याने आपल्याला पुन्हा पुन्हा मारले त्याच्या गणवेशातला माणूस हात वर करून उभा आहे आणि रेझनॉव्ह कानाशी सूडाची भाषा बोलतो आहे. तुम्ही ही मिशन्स पार करून आला आहात, तेव्हा तुमच्या वहीत काय लिहिले गेले ते ठरून गेले आहे. ‘डाउनफॉल’ सुरू झाल्यावर घाईने बटण दाबून तो भाग ओलांडू नका. शांत बसून ऐका. जे ऐकाल ते पटले नाही तर मिशन निवडून मागे जाण्याची सोय गेममध्येच आहे.

शेवटी एक अगदी व्यावहारिक सूचना. वसतिगृहातल्या त्या खोलीमित्राचा तुम्ही पत्रात दोनदा उल्लेख केला आहे. एक्सबॉक्सवर या गेमची मोहीम पडदा दोन भागांत विभागून दोघांना मिळून खेळता येते. ‘व्हेंडेटा’ आणि ‘ब्लॅक कॅट्स’ एवढी दोन मिशन्स त्यातून वगळलेली आहेत. तुमचे अडलेले मिशन दोघांना खेळता येते. एक जण पडला तर दुसरा धावत जाऊन त्याला उठवू शकतो, आणि राइखस्टागच्या मैदानात एकाने मशीनगन दाबून धरायची आणि दुसऱ्याने तोफेपर्यंत पोहोचायचे, ही वाटणी एकट्याने केलेल्या कसरतीपेक्षा कितीतरी सोपी पडते. ते कुठे असतात ते तुम्ही लिहिलेले नाही. पण नाशिकला येण्याजोगे असतील तर एखाद्या शनिवारी त्यांना बोलवा, वहिनींना आणि मुलाला आधी कल्पना द्या, आणि दुसरा कंट्रोलर आजच चालू करून पाहा, कारण इतकी वर्षे माळ्यावर पडून राहिलेल्या कंट्रोलरची बॅटरी बहुधा बदलावी लागेल.